विटांच्या किल्ल्यातला हँडओव्हर

हॅम्बरली कासलच्या रिसेप्शनमध्ये नव्या मालकांनी एक चकचकीत बोर्ड लावला होता. त्यावर किल्ल्याचा पाचशे वर्षांचा इतिहास. रोज सही करून आत जाताना तो डोळ्यांसमोर यायचा आणि रोज माझं डोकं फिरायचं. सर राल्फ हॅम्बरली नावाच्या एका दरबारी माणसाने हा किल्ला बांधला, राजा मुक्कामाला येईल या आशेवर. इटलीहून कारागीर आणले, लाल विटांमध्ये निळसर विटांची जाळी काढली, दरवाज्यावर भाजलेल्या मातीचे रोमन सम्राट बसवले. 'इंग्लंडमधील रेनेसाँ काळाचा दुर्मीळ नमुना' वगैरे वगैरे. इथपर्यंत ठीक. पण मग बोर्ड एकदम उडी मारायचा. 'विसाव्या शतकात विविध संस्थांनी या वास्तूचा वापर केला.' आणि लगेच पुढे, 'आता आलिशान हॉटेल आणि वेडिंग व्हेन्यू म्हणून पुनर्जन्म.'

त्या 'विविध संस्थां'मध्ये माझ्या बायकोची उमेदीची सगळी वर्षं होती. ती त्यांनी एका ओळीत उरकली. आणि या पुनर्जन्मासाठी तिला तिथून हलवायचं होतं.

मी शशी. वय एक्क्याऐंशी. साउथहॅम्प्टनच्या मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना भूल दिली, आता रिटायर्ड. स्वभाव तापट आहे म्हणतात. म्हणणाऱ्यांना काय जातंय! सुप्रभा माझी बायको, छातीच्या रोगांची डॉक्टर. आम्ही पुण्याहून नवं लग्न झालेले आलो तेव्हा हॅम्बरली कासल हे सरकारी चेस्ट हॉस्पिटल होतं आणि तिला तिथे पहिली नोकरी लागली. मी साताऱ्याला वडिलांना कळवलं की तुमची सून किल्ल्यावर कामाला लागली आहे. वडिलांनी उलट विचारलं, किल्ल्यावर पाण्याची सोय काय आहे?

त्यांना काय सांगणार? हा आपल्याकडच्यासारखा किल्लाच नव्हे. डोंगर नाही, कडा नाही. सपाट कुरणात उभ्या विटा. खंदक आहे, तो बदकांसाठी. भिंतीत तोफांची भोकं आहेत, त्यांतून कधी फटाकासुद्धा उडाला नाही. सर राल्फला लढायचं नव्हतंच, त्याला राजावर छाप पाडायची होती. राजा काही आला नाही. पुढे राजाची मर्जीच फिरली आणि सर राल्फचं मुंडकं उडालं, ते बोर्डावर बारीक अक्षरात आहे. मग यादवी युद्धात सैनिकांनी खालच्या दालनात घोडे बांधले. नंतर शंभरेक वर्षं कुणी फिरकलं नाही, शेतकऱ्यांनी विटा काढून गोठे बांधले. मग एका दारूभट्टीवाल्याने विकत घेऊन डागडुजी केली, त्याच्या नातवाने मुलींची शाळा काढली, पहिल्या महायुद्धात जखमी सोल्जर आले, आणि त्यांच्यामागून क्षयाचे पेशंट. उघड्या गच्चीवर, थंडीत, पलंग लावून निजवायचे त्यांना. औषध निघालं, क्षय गेला, आणि राहिले खोकणारे गोदी कामगार. गॅस मास्क न लावता ज्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये ॲस्बेस्टॉस कापला, ते सगळे शेवटी सुप्रभाच्या वॉर्डात आले.

वरच्या मजल्यावर लांबच लांब गॅलरी आहे. सर राल्फच्या बायका-मुली पावसाळी हवेत तिथे फेऱ्या मारायच्या. तोच सुप्रभाचा वॉर्ड. एका बाजूला खिडक्या, त्यांच्याखाली पलंगांची रांग. ती तिथे ज्युनिअर म्हणून लागली आणि सीनिअर होऊन, हॉस्पिटल बंद होईपर्यंत राहिली. शेवटच्या दिवशी ती घरी आली ती सरळ बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. मी बाहेरून म्हटलं, अगं, बिल्डिंगच ती.

पुढे कुणीतरी तिथे नर्सिंग होम काढलं. गॅलरीत एका बाजूला पातळ भिंती घालून खोल्या पाडल्या. आमचा त्याच्याशी संबंध असायचं कारण नव्हतं. पण सुप्रभाचं विसरणं सुरू झालं. आधी चाव्या, मग रस्ते, मग नावं. एक दिवस तिने मला घरात शिरलेला परका माणूस समजून दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला. अनुया, आमची मुलगी, लंडनच्या हाउन्सलोहून धावत आली. तिने आणि मी मिळून होम्स बघायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी सुप्रभा दाराशीच माझा हात घट्ट धरायची आणि आत पाऊल टाकायची नाही. हॅम्बरलीला गेलो तर हात सोडला, तरातरा जिना चढली, गॅलरीच्या तोंडाशी थांबली आणि मॅनेजरबाईंना म्हणाली, "इथे बेसिन होतं. डॉक्टर हात कुठे धुणार?"

त्या दिवसापासून ती ड्यूटीवर होती.

मी हे हसण्यावारी नेत नाही. तिला खरंच तसं वाटत होतं. सकाळी साडी नाही, पण स्कर्ट-ब्लाउज नीट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून ती गॅलरीतून राउंड घ्यायची. तिचा जुना बीपर कधीच हरवला होता. त्या काळी आम्हाला कमरेला लावायला तो द्यायचे, वाजला की धावायचं. त्याच्याऐवजी तिने आमच्या गॅरेजच्या दाराचा मोडका रिमोट कमरेला लावला होता. होममध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या ग्वेनने तिला कधी अडवलं नाही. उलट "मॉर्निंग, डॉक्टर" म्हणायची. इतर म्हाताऱ्यांनाही ते आवडायचं. कुणीतरी थांबून नाडी बघतंय, हे कुणाला नको असतं!

आणि मी? मी कुणीच नव्हतो. गॅलरीच्या टोकाला मोठी खिडकी आहे, तिथे एक खुर्ची. दुपारची बस पकडून मी रोज जायचो आणि त्या खुर्चीत बसायचो. राउंड घेत सुप्रभा तिथपर्यंत आली की थांबायची.

"आपल्याकडचे दिसता. कुठले तुम्ही?"

"सातारचा."

"अय्या! माझे मिस्टरही सातारचे. ते साउथहॅम्प्टनला असतात, भूल देतात. आज ऑन-कॉल आहेत, नाहीतर ओळख करून दिली असती."

"कसे आहेत तुमचे मिस्टर?"

"चिडके," ती म्हणायची, "पण वाईट नाहीत."

रोज हेच संभाषण. पहिल्या वेळी मी खंदकाकाठी जाऊन रडलो होतो, नंतर सवय झाली. नंतर तर मी त्या संभाषणासाठीच बस पकडायचो. घरी ती मला घाबरायची. इथे ती मला बसू देत होती, माझी विचारपूस करत होती. लग्नाच्या बायकोने परका म्हणून का होईना, पण समोर उभं राहून हसावं, एवढंच माझं उरलं होतं. ते जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

मग ती नोटीस आली. होम बंद, किल्ला हॉटेलवाल्यांना विकला.

मी जे जे करायचं ते केलं. कौन्सिलला गेलो, खासदाराला भेटलो, ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या लोकांच्या मीटिंगला जाऊन बसलो. तिथे एक सद्गृहस्थ फार आपुलकीने बोलले. ते म्हणाले, काळजी करू नका, ही ग्रेड वन लिस्टेड बिल्डिंग आहे, नवे मालक एका विटेलाही आमच्या परवानगीशिवाय हात लावू शकत नाहीत. मी विचारलं, आणि आतल्या माणसांना? ते जरा गोंधळले. म्हणाले, तो आमच्या अखत्यारीतला विषय नाही. विटेला हात लावायला सरकारची परवानगी लागते आणि माणसाला उचलायला एक नोटीस पुरते. मी तिथेच आवाज चढवला. लोकांनी मला पाणी दिलं.

अनुयाने हाउन्सलोला तिच्या घराजवळ एक होम शोधलं. ती एअरपोर्टवर कार्गोच्या ऑफिसात आहे, तिथून दहा मिनिटांवर.

"बाबा, तो होम खरंच छान आहे," ती म्हणाली. "स्पेशल डिमेन्शिया युनिट आहे, सगळा नवीन. आणि आईला मी रोज बघू शकेल. तुम्ही पण आमच्याकडे मूव्ह करा ना. प्लीज."

"तिथे ती कुठल्या वॉर्डात राउंड घेणार?"

"बाबा, शी'ज नॉट अ डॉक्टर एनीमोर."

"हे तू मला सांगतेस! तिला सांग बघू."

अनुया रडली. तिचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण मला रागवायला दुसरं कुणी जवळ नव्हतं.

एकेक करून म्हातारे जायला लागले. कुणाला मुलगा येऊन घेऊन जायचा, कुणाला ॲम्ब्युलन्स. सुप्रभा प्रत्येकाला जिन्यापर्यंत पोचवायची. "चांगलं झालं, बरे होऊन चालले," ती मला म्हणायची. तिला वाटत होतं तिचे पेशंट बरे होताहेत. शेवटी गॅलरीत ती एकटीच उरली.

ठरलेल्या दिवशी सकाळी मी आणि अनुया पोचलो तेव्हा ॲम्ब्युलन्स दाराशी उभी होती आणि वर गोंधळ चालला होता. सुप्रभा गॅलरीच्या तोंडाशी, जिन्याच्या विटांच्या कमानीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. ॲम्ब्युलन्सबरोबर आलेले दोघे जण लांबूनच गोड बोलत होते. फिरायला जायचंय, लंच घेऊ, मुलीकडे जायचंय.

"आर यू मॅड?" सुप्रभा ओरडत होती. "माझा वॉर्ड आहे हा! मी वॉर्ड सोडून लंचला जाऊ?"

तिच्या नखांखाली विटेची लाल माती गेली होती. अनुया पुढे झाली तर तिने तिला ढकललं. अनुयाचा चष्मा पडला. ॲम्ब्युलन्सवाल्यांपैकी मोठा होता तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, डॉक्टरांना फोन करून थोडं काहीतरी देता येईल, म्हणजे त्यांना त्रास होणार नाही.

थोडं काहीतरी. मला माहीत आहे ते काय असतं. आयुष्यभर मी लोकांच्या शिरेत ते सोडलं आहे आणि आकडे मोजायला सांगितले आहेत. पण ते सगळे जण सही करून, घरच्यांचा निरोप घेऊन माझ्याकडे यायचे. जी बाई पुऱ्या शुद्धीत आपल्या कामाच्या जागेवर उभी आहे, तिला गुंगी देऊन खुर्चीतून खाली नेणार? सामानासारखी? मी म्हटलं, खबरदार. मला एक तास द्या.

कारण तिचं बरोबर होतं. कुठलाही डॉक्टर असा जात नाही. आमच्या वेळी ज्युनिअर डॉक्टरांच्या नोकऱ्या सहा-सहा महिन्यांच्या असत. जुना जायचा, नवा यायचा, पण नवा येईपर्यंत जुना वॉर्ड सोडत नसे. तो नव्याला पलंगापलंगावरून न्यायचा, प्रत्येक पेशंटचं सांगायचा, आणि शेवटी कमरेचा बीपर काढून त्याच्या हातात ठेवायचा. तो हातात पडला की जुना मोकळा. हँडओव्हर झाल्याशिवाय सुप्रभा कासलमधून हलणार नव्हती, आणि तिला फिरायला, लंचला, मुलीकडे बोलावणाऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मला आधी सुचायला हवं होतं.

अनुयाने मला गाडीने घरी नेलं. माळ्यावरच्या ट्रंकेतून मी माझा पांढरा कोट काढला. बटणं पोटावर लागेनात. टाय बांधला. हात थरथरतो म्हणून तो अनुयाने नीट करून दिला, लहानपणी मी तिच्या शाळेचा करून द्यायचो तसा. परत आलो तेव्हा सुप्रभा कमानीला टेकून जिन्यावर बसली होती आणि ग्वेन तिच्या खालच्या पायरीवर.

मी जिना चढलो. मला धाप लागली होती. नव्या डॉक्टरला लागते तशी, असं समजून मी हात पुढे केला.

"डॉक्टर, आय'म युअर रिलीफ. उशीर झाला, सॉरी. ट्रेन लेट होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. कोट, टाय, चेहरा. मला वाटलं आता ही म्हणणार, तुम्ही तर खुर्चीतले. पण ती झटकन उठली आणि तिने ब्लाउज नीट केला.

"नाव?"

"डॉक्टर श्रीनिवास," जे तोंडात आलं ते मी म्हटलं.

"फारच उशीर केलात. मी किती वेळची उभी आहे! चला."

गॅलरीत एकेक खोली उघडी होती. आत नुसते पलंग, गाद्या गुंडाळलेल्या, भिंतीवर फोटो काढल्याच्या खुणा. सुप्रभा पहिल्या दाराशी थांबली आणि खालच्या आवाजात, पेशंटला ऐकू जाऊ नये तसं, बोलायला लागली.

"मिस्टर पाइक. गोदीतले. रिपोर्ट वाईट आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही. बायको मंगळवारी येते, ती असताना सांगा. बाथरूममध्ये सिगरेट ओढतात, ओढू द्या."

"ओके."

"लिहून घ्या."

माझ्याकडे कागद नव्हता. मी तळहातावर बोट फिरवलं. ती पुढच्या दाराशी गेली. दम्याची एक पोरगी, तिला रात्रीची भीती वाटते. पाण्याने भरलेल्या छातीचे एक पाद्रीबाबा, ते स्वतःपेक्षा शेजाऱ्यासाठी प्रार्थना करतात. प्रत्येक रिकाम्या पलंगापाशी तिने मला एक माणूस दिला. तीस-चाळीस वर्षांपूर्वी मेलेली माणसं, पण तिला त्यांच्या औषधांचे डोससुद्धा पाठ होते. आदल्या दिवशी मुलीचं नाव आठवत नव्हतं तिला. माझं तर नाहीच. मागून येणारी अनुया भिंतीला धरून उभी राहिली. मला अभिमान वाटत होता. एवढी चांगली डॉक्टर होती ती. बोर्डावर एका ओळीत उरकली.

शेवटी आम्ही मोठ्या खिडकीपाशी आलो. खुर्ची रिकामी होती. ती तिथे थांबली आणि एकदम मराठीत बोलायला लागली.

"आणि इथे एक गृहस्थ बसतात. आज दिसत नाहीत. ते पेशंट नाहीत, कुणाचे नातेवाईक आहेत ते मला अजून कळलं नाही. त्यांना भेटायला कुणी येत नाही आणि तेही कुणाला भेटत नाहीत, नुसते बसून असतात. सातारचे आहेत. त्यांना चहा द्यायला सांगत चला. साखर नको. हात थरथरतो, तेव्हा कप अर्धाच भरायचा, म्हणजे सांडून त्यांना शरमायला होत नाही."

तो अर्धा कप रोज ग्वेन आणायची. मला वाटायचं, बाई कंजूष आहे.

"ऐकताय ना डॉक्टर?"

"हो."

"व्हिजिटिंग अवर्स संपले तरी त्यांना उठवू नका. मी कधी उठवलं नाही."

मग तिने कमरेचा रिमोट काढला आणि माझ्या हातात ठेवला. तिचे खांदे खाली आले. इतक्या महिन्यांत मी तिला इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. ती जिन्याकडे वळली आणि मीही तिच्याबरोबर निघालो. ठरलंच होतं तसं, मी ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याशेजारी बसणार होतो. तिने मागे वळून पाहिलं.

"तुम्ही कुठे निघालात?"

"तुम्हाला गाडीपर्यंत सोडतो."

"डॉक्टर श्रीनिवास!" तिचा आवाज बदलला. "आत्ता वॉर्ड तुमच्या ताब्यात दिला ना मी? आणि तुम्ही वॉर्ड सोडून खाली येताय?" ती दोन पायऱ्या परत वर चढली. तिचा हात पुन्हा कमानीच्या विटांकडे गेला.

मी मागे सरलो. दुसरं काय करणार? आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती बीपर परत मागून घेऊन तिथेच उभी राहिली असती, आणि मग ते 'थोडं काहीतरी' आलंच असतं. मी अनुयाला खूण केली, तू जा. माझ्याच डोक्यातून निघालेली युक्ती, आणि तिने मलाच आत ठेवलं होतं.

जिना उतरताना ती अनुयाला सांगत होती, "चला, सुटले बाई. घरी मिस्टर वाट बघत असतील."

मोठ्या खिडकीतून खालचा दरवाजा दिसतो. ती ॲम्ब्युलन्समध्ये स्वतःच्या पायांनी चढली, नीट, स्कर्ट सावरून. वर मात्र पाहिलं नाही. मी खुर्चीत बसलो नाही. ड्यूटीवरचा डॉक्टर बसत नाही. ग्वेन येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने हॉटेलची माणसं पलंग न्यायला आली, तेव्हा तीच मला हाताला धरून खाली घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी साउथहॅम्प्टनहून ट्रेन, मग बस, असं करत हाउन्सलोला गेलो. कोट नाही, टाय नाही, नेहमीचं स्वेटर. वाटेत मी मनाची तयारी केली होती. ती विचारेल, कुठले तुम्ही? मी म्हणेन, सातारचा. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. होम खरंच चांगलं होतं, अनुया खोटं बोलली नव्हती. सगळीकडे उजेड, धुतलेले पडदे, भिंतींवर फुलांची चित्रं. सुप्रभा एका खिडकीपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. स्टेथोस्कोप नव्हता. ड्यूटी संपली होती तिची.

मी समोरची खुर्ची ओढून बसलो. तिने मान वर केली आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"डॉक्टर श्रीनिवास? तुम्ही इथे कसे?"

जन्मभराचा नवरा तिच्या डोक्यातून पुसला गेला, रोजची खुर्ची पुसली गेली, आणि राहिला तो माझा एका तासाचा खोटेपणा. मी काहीतरी पुटपुटलो. म्हटलं, सहज आलो, तुम्ही कशा आहात बघायला.

"मी बरी आहे, मला काय झालंय! वॉर्डात कोण आहे?"

"आहे. व्यवस्था केली आहे."

"मिस्टर पाइकना सांगितलंत?"

"सांगितलं. बायको होती."

"आणि खिडकीजवळचे ते गृहस्थ? आले होते?"

"आले होते."

"चहा?"

"दिला. अर्धा कप."

ती जरा शांत झाली. मला वाटलं, आता ही थोडा वेळ बसू देईल. बाहेरून एक विमान गेलं, ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. पण तिला काहीतरी टोचत होतं. ती परत माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट कळवळून बोलत होती.

"ते अगदी एकटे आहेत हो. मला त्यांची फार काळजी वाटते. तुम्ही इथे माझ्याशी गप्पा मारत बसलात, मग त्यांच्याजवळ आत्ता कोण आहे?"

मी खुर्ची जराशी पुढे सरकवली.

"जा बघू," ती म्हणाली. "लवकर जा."

मी उठलो, खुर्ची जागेवर ठेवली आणि बसच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो.